छऱ्याची किंमत बोटात उतरते तेव्हा

संक्रांतीच्या गड्ड्यात होम मैदानावर फुगे फोडायचा स्टॉल नाही, असं एकही वर्ष मला आठवत नाही. फळीवर रांगेनं टाचलेले फुगे, पुढ्यात टेबलावर दोन-तीन जुन्या एअरगन आणि नळी खटकन मोडून छरा घालून देणारा स्टॉलवाला. सोलापुरात वाढलेल्या बऱ्याच जणांनी आयुष्यातली पहिली बंदूक तिथंच हातात घेतली असेल. मीही तिथंच घेतली. त्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, वाकडी असते, छरा नळीत सैल बसतो, तरी पोरं धडाधड मारत सुटतात आणि पाचातले दोन फुगे फुटले तरी नाचतात. चुकलेल्या छऱ्याचं कुणाला काही वाटत नाही. पैसे वडिलांनी आधीच दिलेले असतात, आणि किती दिले हे पोराला माहीतही नसतं.

गेली बावीस वर्षं मी हौसेनं नेमबाजी करतो. दिवसा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. संध्याकाळी दहा मीटरची रेंज. रेंज म्हणजे एका शाळेच्या मागची लांबट पत्र्याची खोली, सहा लेन, उन्हाळ्यात आत उभं राहवत नाही. तिथं गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक एकट्या माझी नाही, महागाईशी झगडणाऱ्या बहुतेक क्लबांमध्ये ती रोज होत असणार असं वाटतं, म्हणून हे लिहितोय.

छऱ्यांचा भाव पुन्हा वाढला तेव्हा क्लबच्या मीटिंगमध्ये हिशेबावरून बरीच बोलाचाली झाली. परदेशी मॅच पेलेटचा पाचशेचा डबा आम्हाला सोळाशेला पडायला लागला होता. म्हणजे एक छरा तीन रुपये वीस पैशांना. मी दुसऱ्याच दिवशी मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘एक पेलेट = ३ रु. २० पैसे. जपून वापरा’, आणि कागद भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा चिकटवला. शिस्त लागेल असं वाटलं.

आमच्याकडे नीलमनगरकडून एक मुलगी येते. तेव्हा नववीत होती. घरी तेलुगू, शाळेत मराठी. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी विडीचं काम पाहिलंय त्यांना सांगायला नको, तिथं सगळा हिशेब हजारावर चालतो. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. हजार भरले की मजुरी. आणि तपासणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीचे पैसे नाहीत. वाया गेलेली प्रत्येक वस्तू म्हणजे कापलेली मजुरी, हे त्या घरातल्या मुलाला शिकवावं लागत नाही. अशा घरातून आलेल्या मुलीसमोर मी ३ रुपये २० पैशांचा कागद लावला होता.

आठवड्याभरात तिचं मारणं बदललं. एअर रायफलमध्ये नेम बसला की सहा ते दहा सेकंदांत ट्रिगर सुटायला हवा. त्यापुढं डोळा थकतो, समोर दिसतं ते खरं चित्र नसून डोळ्यात रेंगाळलेलं जुनं चित्र असतं. रोखलेला श्वास कमी पडायला लागतो आणि खांदा बारीक थरथरतो. तोवर गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. हे तिला चांगलं येत होतं. आता ती अठरा-वीस सेकंद धरून ठेवायला लागली. रायफल खाली घेणं म्हणजे पुन्हा मेहनत, आणि गोळी सोडणं म्हणजे तीन रुपये वीस पैसे. दोन्हीच्या मध्ये ती अडकून राहायची. मॅचच्या आधी सायटर मारायचे असतात, हात आणि साइट जुळवून घ्यायला. ते गुणांत धरत नाहीत, ठरलेल्या वेळात कितीही मारायची मुभा असते. तिनं ते मारणं सोडलं. एका संध्याकाळी पेटी आवरताना मला म्हणाली, “सर, आज वीसातच भागवलं.” चेहऱ्यावर समाधान होतं. आणि मी तिला शाबास म्हणालो.

ते शाबास मला आजही टोचतं. दोन महिन्यांत तिची दहा शॉटची सिरीज शंभरातल्या चौऱ्याण्णव-पंच्याण्णववरून नव्वदवर आली. मी ट्रिगर तपासला, खांद्याला टेकणारी बट-प्लेट सरकवून पाहिली, जॅकेटचे पट्टे बदलले. शेवटी तिच्या मागं स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो तेव्हा कळलं की दोष रायफलमध्ये नाही, भिंतीवर आहे. कागद त्याच दिवशी फाडला. पण भिंतीवरून निघालेली किंमत मुलीच्या बोटातून निघायला त्यानंतर चार-पाच महिने गेले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. दारूगोळ्याच्या महागाईला तोंड देताना नेमबाजीत आपण उलटी काटकसर करतो. ज्यांनी कमी मारलं तरी चालेल असे आम्ही जुने लोक परवडतं म्हणून भरपूर मारतो, आणि ज्यांनी हजारो छरे मारल्याशिवाय काही शिकताच येत नाही त्या पोरांना जपून मारायला सांगतो. महागाईचा भार कुणी उचलायचा हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते तो आधी आम्ही जुन्यांनी उचलावा, मग क्लबनं, मग सरकारनं. शिकणाऱ्याच्या डोक्यात तो एक पैशानंही जाता कामा नये.

आता भाव एवढे का चढले ते पाहू, कारण त्यावर आमच्यातच गैरसमज फार आहेत. क्लबात सर्रास म्हणतात, शिसं महागलं. दहा मीटरचा छरा ४.५ मिलिमीटरचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर, ०.५३ ग्रॅमच्या आसपास. पाचशे छऱ्यांच्या डब्यात पाव किलोपेक्षा थोडं जास्त शिसं. शिशाचा घाऊक भाव किलोला दोनशेच्या घरात धरा. म्हणजे सोळाशेच्या डब्यात माल पन्नास-पंचावन्न रुपयांचा. सोनाराकडे गेलो की सोनं महाग आणि घडणावळ त्या मानानं थोडी असते. इथं सगळीच घडणावळ आहे.

ही घडणावळ मला माझ्या धंद्यामुळं समजते. एकदा मी देशी डब्यातले वीस आणि जर्मन डब्यातले वीस छरे वर्कशॉपमध्ये नेऊन मायक्रोमीटरखाली धरले. शिसं मऊ, जरा जोरात दाबलं तर मापच बदलतं, म्हणून ते हलक्या हातानं करावं लागतं. देशी छऱ्यांत डोक्याचा व्यास शतांश मिलिमीटरच्या चार-पाच घरांत फिरत होता, मागचा घेर काहींचा चेपलेला. जर्मन छऱ्यांत काटा हलला न हलला. दहा मीटरवर एअर रायफलच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, पेन्सिलीच्या टोकाएवढा. तिथं पोचलेल्या नेमबाजाला छऱ्यातला हा फरक नक्की जाणवतो. त्याचेच पैसे आपण भरतो, आणि भरतो ते युरोत. २०२० च्या सुरुवातीला युरो ८० रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो १०० च्या पुढं गेला. कारखानदारानं एक सेंटही वाढवला नसता तरी आपला डबा चौथाईनं महाग झाला असता. वर वाहतूक, आयात शुल्क, मधल्या हातांचा नफा आणि कर.

पन्नास मीटरच्या पॉइंट टू टू ची, म्हणजे ०.२२ इंची गोळीच्या रायफलची, गोष्ट वेगळी आहे, आणि जास्त वाईट. छऱ्यात दारू नसते, तो दाबलेल्या हवेवर जातो. पॉइंट टू टू च्या काडतुसाला पितळेचं कवच असतं, त्याच्या कडेत स्फोटक मिश्रण असतं आणि आत बिनधुराची दारू, जी नायट्रोसेल्युलोजपासून बनते. हे नायट्रोसेल्युलोज कशापासून करतात हे आपल्या टॉवेल-चादरीच्या गावाला ऐकून आश्चर्य वाटेल: बरंचसं कापसापासून. सरकीवरचा लांब धागा काढून झाल्यावर तिच्या पाठीवर जे आखूड तंतू उरतात, त्यांपासून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर युरोपातली दारू तोफगोळ्यांकडे वळली. स्पर्धेच्या गोळ्या बनवणाऱ्या तिकडच्या काही कंपन्या सैन्यासाठीही माल बनवतात. आधी कुणाची ऑर्डर पुरी होणार हे सांगायला नको. त्याआधी कोविडच्या काळात अमेरिकेत लोकांनी गोळ्यांचे साठे केले होतेच. सोलापुरातून पुण्याच्या बालेवाडीला जाऊन पन्नास मीटरचा सराव करणारा आमचा एक तरुण सभासद आता महिन्यातून एकदा जातो. अडीचशे किलोमीटर जायचं, आणि तिथं एक चांगली मॅच गोळी वडापावापेक्षा महाग. त्यानं कितीही मनावर घेतलं तरी महिन्यातून एकदा मारून पन्नास मीटरचा नेमबाज होत नाही.

अमेरिकेतले हौशी लोक घरी काडतुसं भरून पैसे वाचवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं. त्या वाटेला कुणी जाऊ नये.

आता कराबद्दल. ही गोष्ट समजल्यावर मी खरोखर अस्वस्थ झालो. मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत खेळाचं सामान ९५ व्या प्रकरणात येतं. छरा तिथं नाही. तो ९३ व्या प्रकरणात, ९३०६ या क्रमांकाखाली येतो. त्या नोंदीची सुरुवात होते बॉम्ब, ग्रेनेड, टॉर्पेडो, सुरुंग आणि क्षेपणास्त्रांनी, मग काडतुसं, आणि त्याच नोंदीच्या पोटात एअरगनचे छरे, नाव घेऊन. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा खेळाच्या सामानावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. क्रिकेटची बॅट स्वस्त झाली, चांगलंच झालं. छरा १८ टक्क्यांवरच राहिला. आणि रिव्हॉल्वर-पिस्तुलांवरचा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. पंचवीस मीटरचं स्पर्धेचं पिस्तूलही त्यातच मोडतं. नामांकित नेमबाजांना आयातीत सवलती आहेत, पण नामांकित होईपर्यंतचा सगळा रस्ता पूर्ण कर भरूनच चालायचा असतो.

विरोधाभास पाहा. आपल्याच शस्त्र नियमांप्रमाणं ठराविक ताकदीच्या आतली ४.५ मिलिमीटरची एअर रायफल विनापरवाना घेता येते. म्हणजे गृहखात्याच्या नजरेत जी बंदूक परवाना मागण्याइतकी धोक्याची नाही, तिचा छरा करखात्याच्या नजरेत बॉम्बच्या पंगतीला बसतो. वर्गवारीचा क्रमांक जगभर सारखा आहे, तो दिल्लीला बदलता येणार नाही हे मान्य. पण त्या क्रमांकाच्या पोटातल्या एका नोंदीवर किती कर लावायचा हे आपल्याच हातात आहे. जीएसटी परिषदेत महाराष्ट्र बसतो. आपल्या राज्याच्या प्रतिनिधीनं तिथं एवढंच मागावं: एअरगनचा छरा आणि मान्यताप्राप्त क्लबला विकलेली पॉइंट टू टू ची गोळी ५ टक्क्यांत घ्या.

यानं किती फरक पडेल? फुगवून सांगत नाही. मन लावून सराव करणारं पोर दिवसाला ऐंशी शॉट मारतं. आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर वीस हजार छरे, चाळीस डबे, चौसष्ट हजार रुपये. कर १८ वरून ५ वर आला तर डब्यामागं पावणेदोनशे रुपये वाचतील, वर्षाला सात हजार. त्या पैशात पाच डबे येतात, म्हणजे सहा आठवड्यांचा सराव. यंत्रमाग कामगाराच्या घरात सात हजार ही रक्कम लहान नाही, पण उरलेले सत्तावन्न हजार तसेच उभे राहतात. म्हणून कर हा एकच उपाय नाही.

दुसरा उपाय घडणावळीतच आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या कंपन्या झाल्या, आणि दारूगोळ्याची कंपनी, म्युनिशन्स इंडिया, हिचं मुख्यालय पुण्यात आलं. देशी पॉइंट टू टू इथं बनतेच. स्पर्धेच्या दर्जाची गोळी, लॉट-लॉट तपासून वेगळी काढलेली, इथंच बनावी हे मागणं काही अवास्तव नाही. हातात कौशल्य आहे, कच्चा माल आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे. छऱ्याचं तर त्याहून सोपं. सोलापुरात बनलेले कॅमशाफ्ट परदेशी गाड्यांच्या इंजिनांत बसतात; मायक्रॉनमध्ये काम करणारे हात या शहरात आहेत. चार ठसे, एक चांगलं प्रेस आणि कडक तपासणी एवढ्यावर जर्मनीच्या तोडीचा छरा होणार नाही असं मला तरी वाटत नाही. परवाने लागतील ते लागतील. मी एकट्यानं ते करू शकत नाही, माझं भांडवल तेवढं नाही. पण एमआयडीसीतल्या माझ्याहून मोठ्या मंडळींना मी हे प्रत्येक भेटीत सांगतो आणि सांगत राहणार.

यावर लोक मला दोन गोष्टी ऐकवतात. पहिली: हौसेला मोल नसतं, मग तक्रार कशाला? बरोबर आहे. माझ्या हौसेचं मोल मी देईन. मला सवलत नको, उलट आम्हा हौशी सभासदांकडून जास्त वर्गणी घ्या असं मीच मीटिंगमध्ये म्हणालो. पण एक लक्षात घ्या. आमच्या क्लबचं भाडं, लाइटबिल, हवेच्या सिलिंडरचं भरणं हे सगळं हौशी लोकांच्या वर्गणीवर चालतं. हौशी माणूस महागाईनं घरी बसला तर दार बंद होतं, आणि दार बंद झालं की त्या नववीतल्या मुलीला जायला जागाच राहत नाही. खेळाडू हवेत तयार होत नाहीत. त्यांच्या आजूबाजूला संध्याकाळी मारायला येणारे दहा-पंधरा साधे लोक लागतात.

दुसरी गोष्ट जास्त वजनाची आहे. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं बंदुकीच्या छऱ्यावरचा कर कमी करा म्हणणं शोभतं का? मी यावर खूप विचार केलाय. पाणी आधी, यात वाद नाही. पण याच राज्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ जिंकल्यावर एक कोटीचं बक्षीस जाहीर केलं, आणि सगळ्या महाराष्ट्रानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, डोळ्यांत पाणीही आलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर इतक्या वर्षांनी राज्याच्या मातीतल्या माणसाला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं होतं, आणि तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या शिक्षकाचा मुलगा. ते बक्षीस त्याचं हक्काचंच. मला एवढंच म्हणायचंय की एक कोटीत तीन रुपये वीस पैशांचे एकतीस लाख छरे येतात. पदकानंतर देण्याइतकी आपली ऐपत आहे, म्हणजे पदकाआधी थोडं देण्याचीही आहे. कोल्हापूरनं याच खेळात तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली. सोलापूर तिथून लांब नाही.

आणि हा काही परक्यांचा, राजेरजवाड्यांचा खेळ राहिलेला नाही. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. स्वातंत्र्यानंतर सामान्य माणसानं शिस्तीत बंदूक हाताळायला शिकावं अशी ती कल्पना होती. तिला आपण किमतीनं मागं रेटू नये.

आता कोऱ्या सरावाबद्दल थोडं सविस्तर, कारण महागाईवरचा उपाय म्हणून सगळे आधी तोच सांगतात. ड्राय फायर म्हणजे छरा न घालता सगळं तसंच करायचं: उभं राहणं, श्वास, नेम, ट्रिगर, आणि ट्रिगर सुटल्यावरही दोन सेकंद तसंच राहणं. जगातले मोठे नेमबाजही हे करतात, आणि त्याचा उपयोग मी स्वतः अनुभवलाय. छऱ्याचा आवाज आणि धक्का नसला की ट्रिगर सुटताना साइट कुठं हलली ते स्वच्छ दिसतं. २०२० च्या टाळेबंदीत मी तीन महिने घराच्या भिंतीवर चिकटवलेल्या ठिपक्यावर फक्त कोरा सराव केला, आणि रेंज उघडल्यावर माझे शॉट आधीपेक्षा स्थिर आले. माझ्यासारख्यानं रोजच्या सरावातला निम्म्याहून जास्त भाग कोरा करावा, बिनदिक्कत करावा.

पण कोऱ्या सरावात चूक दिसायला आधी चूक ओळखता यावी लागते. साइट उजवीकडं उडाली की बोटानं ट्रिगर ढकलला, खाली गेली की खांदा सैल पडला, हे मला कळतं, कारण त्या प्रत्येक चुकीचं भोक मी कागदावर हजार वेळा पाहिलंय. नव्या पोरानं ते पाहिलेलं नसतं. कागदावरचं भोक हाच त्याचा आरसा. तो काढून घेतला तर पोर रोज तीच चूक नेमानं गिरवतं आणि वर समजतं की सराव चाललाय. नळीवर सेन्सर बसवून नेमाची रेघ संगणकावर दाखवणारी यंत्रं आहेत, ती हे काम करतात, पण त्यांच्या किमती आमच्यासारख्या क्लबाच्या आवाक्याबाहेरच्या. म्हणून पहिल्या वर्षी पोरानं मारलंच पाहिजे. मोजल्याशिवाय मारलं पाहिजे.

आणि त्यासाठी महागडा छरा लागत नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाब. ज्याची सिरीज अजून ऐंशीत आहे त्याच्या हाताची हालचालच इतकी मोठी असते की छऱ्यातला शतांशाचा फरक त्यात बुडून जातो. त्याला देशी डबा द्या, खुशाल द्या. पंचाण्णवच्या पुढं गेल्यावर मात्र देशी छरा त्याचा वैरी होतो, कारण आता छऱ्याची चूक आणि स्वतःची चूक वेगळी करता येत नाही, आणि प्रामाणिक पोर दरवेळी दोष स्वतःकडं घेतं.

आम्ही क्लबात काय केलं ते सांगतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना देशी छरे क्लबकडून, मोफत. डबा थेट त्यांच्या हातात देत नाही. छरे एका पसरट वाटीत ओतून लेनवर ठेवतो, म्हणजे किती उरले हे दिसत नाही. हिशेब मोठ्यांच्या वहीत, डब्यांवर. वापरलेल्या टार्गेटची मागची कोरी बाजू ग्रुपिंगच्या, म्हणजे सगळी भोकं जवळजवळ पाडण्याच्या, सरावाला. टार्गेटमागच्या सापळ्यात पडलेलं शिसं साठवून भंगारात देतो. त्यातून फार येत नाही, आणि ते काम मोठेच करतात, कारण शिसं हाताला लागून पोटात जाणं मुलांना वाईट. रेंजवरून निघताना प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे हा नियम आता नळापाशी लिहिलाय. भिंतीवर तेवढाच एक कागद आहे.

आम्ही जुन्यांनी दिवसाला चाळीस खरे शॉट ही मर्यादा घालून घेतली, बाकी कोरं. दर दोन महिन्यांनी प्रत्येकानं एक देशी डबा मुलांसाठी द्यायचा. दोघांनी कुरकुर केली. त्यातले एक आता सगळ्यात आधी डबा आणून ठेवतात. परदेशी छरे सगळ्यांचे मिळून वर्षातून एकदाच, एकाच लॉटचे मागवतो. त्यात डब्यामागं थोडे वाचतात, आणि लॉट एक असला की वर्षभर साइट पुन्हा जुळवत बसावी लागत नाही. एवढं कुठल्याही गावातल्या कुठल्याही क्लबाला जमण्यासारखं आहे, त्यासाठी दिल्लीची वाट पाहायला नको.

ती मुलगी आता दहावी झालीय. हाताचा वेळ पुन्हा आठ सेकंदांवर आलाय, सिरीज शहाण्णवला टेकते. म्हणजे देशी छऱ्याचा तिचा काळ संपला. गेल्या रविवारी तिची आई रेंजवर आली होती, पहिल्यांदाच. मागच्या बाकावर बसून तासभर बघत राहिली. निघताना मला विचारलं, “सर, हिला वर्षाला किती लागतील ओ ते छरे?” मी म्हटलं, “चाळीस डबे, ताई. वीस हजार.” तिनं मनात हिशेब केला. “म्हणजे माझ्या महिन्याच्या विड्या,” ती म्हणाली. आकडा बरोबर होता. भाव मी तिला सांगितला नाही.

चाळीसातले बारा डबे क्लब देणार आहे. आठ आम्ही जुने मिळून उभे करू. उरलेले वीस कुठून आणायचे ते अजून ठरलेलं नाही, आणि राज्य स्पर्धेची तारीख कधीही जाहीर होईल.